न पाहिलेला रंग

माणसाला काट्यावर बसवून त्याचं वजन करणं ही काही सभ्य करमणूक नव्हे. पण मी ज्या गावात पहिली नोकरी केली तिथे दर रविवारी सकाळी ती चालत असे, आणि खोटं कशाला सांगू, मी तिथे सगळ्यांत पुढे उभा असे.

जागा म्हणजे खोबऱ्याच्या शेटची वखार. वखारीच्या आढ्याला लोखंडी दांडीचा मोठा काटा टांगलेला होता आणि दोन्ही बाजूंना साखळ्यांनी लटकलेली फळ्यांची पारडी. एरवी त्यात सुक्या खोबऱ्याची पोती चढत. रविवारी माझे घरमालक चढत. चढत म्हणजे काय, आधी ते पाठमोरे होत, मग हलकेच बूड टेकवत आणि शेटचे दोन गडी त्यांचे पाय उचलून आत ठेवत. साखळ्या करकरत. समोरच्या पारड्यात गडी वजनं टाकू लागले की बाजाराला आलेली माणसं मोठमोठ्यानं मोजत. तीन मणांच्या जवळ आलं की कुणीतरी हमखास ओरडे, "आढ्याक हात लावा रे, वखार येतली खाली!"

मालक शांत. मांडी घालून, छत्री मांडीवर आडवी धरून बसलेले. दांडी सरळ झाली की ते शेटना विचारत, "किती?" शेट आकडा सांगत. तो बहुधा गेल्या रविवारचाच असे. "बरा," मालक म्हणत, "बंकर भरलेलो आसा." आणि उतरून, घाम पुसत घरी जात. पुढे सरकारनं मण-शेर काढून किलो आणले, तेव्हा शेटनी पहिल्यांदा त्यांना किलोतला आकडा सांगितला. मालक म्हणाले, "बघलास? काय एक न खाता तीनाचे एकशे धा झाले!"

तेव्हाही मी पोट धरून हसलो होतो. त्या विनोदाला हसण्यात काही गैर नव्हतं. बाकीच्या हसण्याचं मला आज काय करावं कळत नाही.

गावात त्यांना सगळे 'आगवालो' म्हणत. आगवाला म्हणजे आगबोटीच्या तळाशी बसून बॉयलरला कोळसा घालणारा माणूस. तीस वर्षं त्यांनी ते काम केलं होतं. बसरा, मोंबासा, लंडनची गोदी, सगळीकडे बोट गेली आणि हे खाली भट्टीपाशी. कुणी विचारलं की दर्या कसा होता, तर म्हणत, "माका काय ठावक? मी खाली होतंय." त्यांच्या ओटीवर एक फोटो होता. त्यात फावडं धरलेला एक किडकिडीत तरुण उघडा उभा होता, बरगड्या मोजून घ्याव्यात असा. तो फोटो पाहून मी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "तुमचे धाकटे भाऊ का?" त्यावर त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकींनी, आत जाऊन हसून घेतलं होतं.

बोट सुटली, पण भूक काही सुटली नाही. सकाळी उकड्या तांदळाची पेज, दुपारी भाताचा डोंगर आणि त्यावर नारळ घातलेलं माशाचं तिखलं, रात्री पुन्हा तेच. जेवणाला ते 'कोळसो घेणं' म्हणत आणि पोटाला बंकर. बंकर म्हणजे बोटीवरची कोळशाची कोठी. दुपारी कुणी दार वाजवलं तर काकी सांगत, "बोट गोदीत आसा. चार वाजता सुटतली." चैत्रातल्या उन्हातही त्यांच्या डोक्यावर लोकरीची कानटोपी असे. बॉयलरपासून वर आल्यावर डोक्याला वारा लागून त्यांचा एक सोबती मेला होता म्हणे, तेव्हापासून ती टोपी उतरली नाही. धुराचं वेड तर विचारूच नका. कुणाच्याही घरावरून जाताना ते मान वर करून कौलांतून येणारा धूर बघत आणि आत ओरडत, "गो, लाकडा ओली आसत तुजी! काळो धूर येता!" बायका वैतागत. पण त्यांचं म्हणणं खरं असे, हेही त्यांना ठाऊक होतं.

मी घाटावरचा. बी. एस्सी. होऊन तिथल्या हायस्कूलात विज्ञान शिकवायला आलो होतो, चोवीस वर्षांचा होतो, आणि आपल्यासारखा शिकलेला माणूस या किनाऱ्यावर दुसरा नाही असं मला मनापासून वाटत होतं. आगवाल्यांच्या घराच्या पडवीतली खोली मला भाड्यानं मिळाली होती. जेवण काकींकडेच. मी आजारी पडलो तेव्हा या माणसानं तीन दिवस माझ्या उशाशी बसून कपाळावर पट्ट्या बदलल्या होत्या. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं वाचताना माझी कुणाला कीव यायला नको.

त्यांचा आजार त्यांना मुंग्यांनी कळवला. परसातल्या एका माडाखाली ते लघवीला जात, आणि तिथे मुंग्यांची रांग लागू लागली. दुसऱ्या कुणी दुर्लक्ष केलं असतं. आगवाल्यांनी आठ दिवस उकिडवं बसून मुंग्या पाहिल्या, दुसऱ्या माडाखाली जाऊन पाहिलं, मुंग्या तिथेही आल्या. मग एस्टीनं मालवणला जाऊन डॉक्टरांना दाखवलं. डॉक्टर म्हणाले, लघवीतून साखर जाते आहे, वजन उतरवा, भात कमी करा. आगवाल्यांनी विचारलं, "आणि चललंय तर?" डॉक्टर हसले. म्हणाले, "चालून भूक तेवढी वाढेल. वजन उतरलं तर साखर उतरेल. चालून बघा हवं तर, सहा महिन्यांनी या. आणि तुमच्या गावात हायस्कूल आहे, तिथल्या विज्ञानाच्या मास्तरांकडून दर आठवड्याला लघवी तपासून घेत चला."

त्या संध्याकाळी ते माझ्या खोलीत आले आणि खाटेवर बसले. खाट माझी, त्यामुळे मी जीव मुठीत धरून उभा राहिलो.

"मास्तर," ते म्हणाले, "बोट कशी चलता ता बंकराकडे बघून कळणा नाय. बंकर भरलेलो आसलो तरी आग बरी पेटली तर धूर साफ येता. आग मंद झाली काय काळो. आमचो चीफ इंजिनेर वर उभो रवान चिमणी बघी आणि थयसून माका गाळी देय. खाली येवची त्येका गरजच नाय. डॉक्टर माझो बंकर बघता. मी म्हणतंय, माझो धूर बघा."

"धूर म्हणजे?"

"मूत, मास्तर! शरीराचो धूर तो. मी तीस वर्सां फावडा मारलंय तवा माझी आग पेटलेली होती. आता हात गप, म्हणान आग मंद. मी चलतलंय. वजन उतारला नाय तरी चलात. तुमी धूर बघा. तुमी माझे चीफ इंजिनेर."

आज मला वाटतं, त्या माणसानं कोळशाच्या भट्टीपाशी उभं राहून जे ओळखलं होतं ते माझ्या पुस्तकांत तेव्हा नव्हतं. अंग हललं की आतलं जळणं सुधारतं, काटा हलो न हलो. पण त्या वेळी मी फक्त खाटेच्या पायांकडे बघत होतो.

शिमगा झाला आणि ते चालायला लागले. पहाटे बंदरापासून निघून वाळूतून खाडीच्या मुखापर्यंत आणि परत. बोटीवरचे जुने कॅनव्हासचे बूट, खाकी अर्धी चड्डी, कानटोपी. चालताना दोन्ही हात फावडं मारल्यासारखे पुढे जात आणि वळून मागे येत. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणारी माणसं दोर हातात धरून बघत राहायची. मग हेच थांबून दोराला हात लावीत आणि मूठभर तारल्या घेऊन घरी येत. परतल्यावर डबल भूक. काकी म्हणत, "चलतत तितकाच खातत. काटो हलतलो कसो?"

त्यांनी खोबऱ्याच्या शेटनाही बाहेर काढलं होतं. शेट पूर्वी चांगले भरदार होते. पोटात जखम झाली म्हणून मुंबईला त्यांचं अर्धं पोट कापून काढलं, आणि वर्षभरात ते काठीसारखे झाले. गाव त्यांचं कौतुक करी. शेट कसे सडसडीत झाले, आगवाल्यांनी त्यांच्याकडे बघून काही शिकावं, वगैरे. प्रत्यक्षात बिचारे शेट दोन घास खाल्ले की घामाघूम होऊन आडवे पडत. आगवाले त्यांना दंडाला धरून समुद्रावर नेत. "बंकर ल्हान केल्यानी म्हणान आग मोठी होणा नाय, शेट. चलाक व्हया." शेट आठ-पंधरा दिवस चालले, आणि मला खाजगीत म्हणाले की अंगात वायच जोर आल्यासारखा वाटतो. पण जाडा माणूस बारक्याला व्यायाम शिकवतो हे लोकांना फारच गमतीचं वाटू लागलं, तेव्हा शेटनी चालणं सोडलं.

दर शनिवारी शाळा सुटल्यावर आगवाले वर्तमानपत्रात गुंडाळलेली औषधाची बाटली घेऊन प्रयोगशाळेत येत. मोरचुदापासून केलेलं एक निळं द्रावण असतं. परीक्षानळीत ते घ्यायचं, लघवीचे थेंब टाकायचे आणि स्पिरिटच्या दिव्यावर उकळायचं. साखर नसेल तर ते निळंच राहतं. थोडी असेल तर हिरवं होतं, मग पिवळं, आणि फार असेल तर विटकरी. पहिल्या शनिवारी विटकरी आलं. दुसऱ्या, तिसऱ्या, पाचव्या शनिवारीही विटकरी. आगवाले नाक नळीपाशी आणून बघत आणि म्हणत, "पेटूक वेळ लागता. दगडी कोळसो आसा." मी रंग वहीत लिहून देई. इतपत मी प्रामाणिक होतो.

मग शाळेत चेष्टा सुरू झाली. शिक्षकांच्या खोलीत कुणी तरी माझ्या टेबलावर तपकिरी बाटली ठेवली आणि तिला माझ्या नावाची चिठ्ठी लावली. मी वर्गात शिरलो की मागच्या बाकावरून "धूर, धूर" असं हळूच ऐकू येई. मला मेल्याहून मेल्यासारखं होई. आपण कोण, आपली पदवी काय, आणि आपण काय उकळत बसतो! मे महिन्यात मी सुट्टीला घरी गेलो. जूनमध्ये परत आलो तर आगवाले बाटली घेऊन दारातच उभे.

"मास्तर, सुट्टीत धूर कोण बघतलो? तुमची वाट बघत होतंय."

ती बाटली घेऊन मी शाळेत गेलो आणि खिडकीतून बाहेर काजूच्या झाडाखाली ओतून दिली. रविवारी काट्याचा आकडा तोच होता, हे मी येताच ऐकलं होतं. डॉक्टरांनी सांगितलं होतंच, वजन उतरलं नाही तर साखरही उतरणार नाही. मग उकळायचं कशाला? बी. एस्सी.ला मी शिकलो होतो की न पाहिलेलं लिहू नये. वहीत मी लिहिलं, विटकरी.

पुढच्या शनिवारीही तेच. आणि त्याच्या पुढच्या. पाऊस पडत होता, आगवाले छत्री घेऊन वाळूतून जात होते, भिजून येत होते, आणि मी त्यांची बाटली काजूला घालून विटकरी लिहीत होतो. अशा चौदा बाटल्या. सुरुवातीला ते प्रयोगशाळेत थांबायचं म्हणत. मी त्यांना सांगितलं की हेडमास्तरांना आवडत नाही. हेडमास्तरांनी असं काही म्हटलं नव्हतं.

मला ओळखता आलं नसतं असं नाही. ते आषाढातल्या एका संध्याकाळी ओटीवर येऊन म्हणाले, "मास्तर, म्हयनो झालो, माडाखाली मुंगी नाय."

"पावसात मुंग्या बाहेर पडत नाहीत, मालक."

"पडवीत इल्यो. साखरेच्या डब्याक लागल्यो. माझ्याकडेच येणत नाय."

मी त्यांना समजावून सांगितलं. चांगलं सविस्तर, वर्गात समजावतो तसं. मुंगी हा काही मापनाचा प्रकार नव्हे, तिच्यावर हवेचा, ओलाव्याचा परिणाम होतो, रसायन मात्र खोटं बोलत नाही. आगवाल्यांनी मान डोलावून ऐकलं. मग म्हणाले, "खरा आसा. मुंगी अडाणी. तुमी शिकलेले."

काकीही एकदा म्हणाल्या, हल्ली हे रात्री पाण्याला उठत नाहीत, पूर्वी अख्खा तांब्या रिकामा करायचे. देवळाच्या पायऱ्या आता एका दमात चढतात, वाटेत बसत नाहीत. मी म्हटलं, "हवा थंड आहे ना, काकी." माझ्यापाशी प्रत्येक गोष्टीला उत्तर होतं.

गणपती झाले आणि सहा महिने पुरे झाले. त्या रविवारी वखारीत नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. आगवाले पारड्यात बसले, दांडी सरळ झाली, आणि शेटनी आकडा सांगितला. शिमग्यात होता तोच. हशा झाला. आगवाल्यांनी हात वर करून लोकांना गप्प केलं.

"बंकर ऱ्हवांदे," ते म्हणाले. "मास्तर हयसर आसत. धूर त्यांका इचारा."

शेटनी माझ्याकडे पाहिलं. "काय मास्तर, रंग काय?"

शनिवारची बाटली शाळेच्या कपाटात तशीच पडून होती. घरी निघायच्या गडबडीत ओतायचीसुद्धा राहिली होती. शंभर माणसं माझ्याकडे बघत होती. एवढ्या लोकांसमोर मला पहिल्यांदाच कुणी काही विचारत होतं. मी घसा साफ केला आणि खणखणीत आवाजात म्हणालो, "विटकरी. पहिल्या दिवशी होता तसाच."

वखार दणाणली. मीही हसलो. आगवाले पारड्यात बसून माझ्याकडे बघत होते. त्या नजरेत संशय असता तर मला बरं झालं असतं. त्यांनी नुसती मान हलवली. "मास्तरांनी बघितल्यानी," ते म्हणाले, "आता बोलणा खुटला." गड्यांनी त्यांचे पाय उचलून खाली ठेवले. घरी जाताना त्यांनी कॅनव्हासचे बूट रापणीवरच्या एका माणसाला देऊन टाकले आणि अनवाणी आले.

दुपारी मी शाळेत गेलो, कपाट उघडलं आणि ती बाटली उकळली.

निळं.

द्रावण जुनं झालं असेल म्हणून मी पुन्हा केलं. पुन्हा निळं. मग त्याच द्रावणात कपाटातलं चिमूटभर ग्लुकोज टाकून पाहिलं, आणि ते बघता बघता विटकरी झालं. द्रावणात काही खोट नव्हती. काट्याचा आकडा तसूभरही हलला नव्हता, पण ती नळी माझ्या हातात होती आणि ती आकाशासारखी निळी होती. मी स्टुलावर बसून राहिलो. त्या क्षणी उठून घरी जायचं आणि सांगायचं, एवढंच काम होतं. पण ते सांगायचं म्हणजे चौदा बाटल्यांचं सांगायचं, वखारीतलं सांगायचं, आणि उद्या शाळेत तोंड दाखवायचं. मी नळ्या धुतल्या, पालथ्या घातल्या आणि घरी आलो.

आगवाले ओटीवर बसले होते. काकींनी वाढलेला भात समोर होता.

"मालक," मी म्हणालो, "चालणं सोडू नका. प्रकृतीला चांगलं असतं."

"कित्याक?" ते म्हणाले. रागानं नाही. "तुमीच सांगितलास मां, काय एक झाला नाय. माझी आग विझली, मास्तर. म्हातारो बॉयलर."

"तसं नव्हे, पण..."

"पण काय?"

मी म्हणालो, "पण काही नाही." अपराध न कबूल करता तो मला भरून काढायचा होता. पुढे दोन-तीनदा मी तसंच चालण्याचं सुचवलं, आणि प्रत्येक वेळी माझाच शब्द त्यांनी मला परत दिला. डॉक्टरांकडेही ते गेले नाहीत. "डॉक्टर हसतलो," म्हणाले. दिवाळीच्या सुमारास माडाखाली पुन्हा मुंग्या लागल्या. त्यांनी मला ते आपणहून सांगितलं, "मुंगयेक आता कळला, तुमका आधीच कळलेला."

पुढच्या उन्हाळ्यात ते खडपावर, समुद्रकाठच्या खडकांवर, गेले होते. अनवाणीच. कालवाच्या शिंपल्याची कपची तळव्यात गेली. जखम लहान होती, आठवड्यानं भरून यायला हवी होती. ती भरली नाही. काकी हळद भरत होत्या, मी आयोडीन आणून देत होतो, आणि बोटं काळी पडत गेली. ताप चढला तेव्हा शेटनी गाडी करून त्यांना मालवणला नेलं आणि तिथून मोठ्या इस्पितळात. दीड महिन्यानं आले ते कुबड्यांवर. उजवा पाय गुडघ्याखाली नव्हता.

चार दिवसांनी मी शाळेतून आलो तर त्यांनी मला हाक मारली. "शेटान आज काट्यार बसवल्यान, मास्तर. बघा, वजन उतारला!" आणि ते हसले. काकी नाही हसल्या. मी खोलीत जाऊन दार लावून घेतलं.

त्यानंतरही मी सात महिने त्याच घरात जेवलो. रोज काकींच्या हातचं.

मग घाटावर माझ्या गावाजवळच्या शाळेत जागा मिळाली. निघायच्या दिवशी ट्रंक ओटीवर आणून ठेवली. काकींनी चहा दिला, सोबत न्यायला कोकमांची पुडी बांधून ठेवली. एस्टीला अर्धा तास होता. आगवाले भिंतीला टेकून बसले होते, चड्डीचा रिकामा भाग दुमडून गाठ मारलेली. म्हणाले, "आमका विसरा नको, मास्तर." आणि मला पुढे गप्प बसवेना.

"मालक, तो विटकरी रंग खोटा होता."

"खंयचो?"

"वखारीत सांगितला तो. त्याच्या आधीचेही. जूनपासून मी तुमची एकही बाटली तपासली नाही. ओतून देत होतो. शेवटची तेवढी पाहिली, वखारीतून आल्यावर. ती निळी राहिली."

त्यांनी विचारलं, "निळी? म्हणजे साफ?"

"साफ. दोनदा पाहिली."

मी कुबडीची वाट बघत होतो. तिनं मला मारलं असतं तर मी हललो नसतो. पण त्यांचा चेहरा असा काही उजळला की मला बघवेना.

"गो!" ते आत ओरडले. "हयसर ये! आयकलंस? माझी आग पेटलेली! बंकर भरलेलो होतो, तरी पेटलेली! मी सांगत नव्हतंय?" त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते हसत होते. "मास्तर, माका वाटला मीच खोटो. दीड वर्स माका वाटता, मी येडो, लोक हसले ता बरोबरच. मी खरो होतंय!"

"हो, मालक. तुमचंच खरं होतं."

"मगे ती पेटली कधी?" ते पुढे सरकले. "कितव्या आठवड्यात? पयलो रंग हिरवो झालो असतलो, मगे निळो. कधी झालो हिरवो? ता सांगा माका."

"मला माहीत नाही."

"आठवा वायच. आषाढात काय श्रावणात?"

"मालक, मी पाहिलंच नव्हतं. आठवायला काही नाहीच."

ते ऐकून घेत होते, पण वाट बघायचे थांबत नव्हते. काकी दारात येऊन उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या माझ्याकडे नाही, आगवाल्यांच्या चड्डीच्या गाठीकडे बघत होत्या. मग पुढे येऊन त्यांनी माझ्यासमोरचा अर्धा प्यालेला चहा उचलला.

"मास्तर, एस्टी येतली," त्या म्हणाल्या. "जावा तुमी."

मी ट्रंक उचलली. कोकमांची पुडी काकींनी दिली नाही आणि मी मागितली नाही. पायऱ्या उतरून अंगणाच्या बेड्यापर्यंत, फाटकापर्यंत, आलो तेव्हा मागून आगवाल्यांचा आवाज आला.

"आठावला तर कार्ड घाला, मास्तर!"